मेस नंबर दोनमधली लाकडं

सौदीतल्या अल खफजीच्या कॅम्पातली चारशे माणसं सिराजुद्दीनच्या हातचं जेवायची. दाभोळकडचा गडी, बावीस वर्षं याच मेसमध्ये आचारी. जुम्म्याच्या नमाजनंतर सगळा कॅम्प घोरत पडला की हा रिकाम्या टेबलावर जलरंग मांडून बसायचा. काढायचा काय, तर स्वयंपाकघरातली लाकडं. लाटणं, रवी, बिर्याणी हलवायचं वल्ह्याएवढं उलथणं, मटण तोडायचा ओंडका. पांढरा रंग तो विकत घेतच नसे. बोटांनी झिजून दांडा जिथं चकचकीत झालाय, तिथं कागद कोरा सोडायचा. खाली इंग्रजीत तारीख आणि 'मेस नंबर २'.

"चाचा, भेगा कशाला दाखवता? छान दिसत नाहीत," पुण्याचा इंजिनिअर हर्षवर्धन एकदा म्हणाला.

"तुमच्या फोटोत टक्कल दिसतं ना साहेब? कुणी पुसतं का?"

त्याच हर्षवर्धननं हौसेनं अकरा चित्रं जेवणाच्या हॉलमध्ये टांगली. साहेबांच्या बायका 'वॉव' करून सेल्फी काढून गेल्या. पुढच्याच आठवड्यात स्वच्छतेचा ऑडिटर आला. मेसमध्ये लाकूड वापरायला बंदी. म्हणून तपासणीच्या दिवशी मॅनेजर सगळी लाकडं कोठारात दडवायचा आणि स्टील मांडायचा. ऑडिटर खूश होऊन जेवायला बसला, आणि समोर भिंत! ताट सोडून उठला, एकेक तारीख वाचत गेला.

मॅनेजरची पाचावर धारण बसली. त्यानं हर्षवर्धनला पुढं घातलं.

"चाचा, एक सही करा. चित्रं मनातली आहेत, गावच्या आठवणीतली. खलास! नाहीतर सगळं तुमच्यावर शेकेल."

"आणि लपवलं कुणी?"

"ते सोडा हो."

"बावीस वर्षं हातात धरलंय, ते मनातलं कसं? बघितल्याशिवाय मी रेघ मारत नाही. तसं लिहा, आत्ता सही करतो."

तसं कोण लिहिणार? 'आचाऱ्यानं परस्पर लाकूड वापरलं,' असा रिपोर्ट गेला. मॅनेजर खुर्चीत, लाकडं कचऱ्याच्या गाडीत, सिराजुद्दीन फायनल एक्झिटवर, म्हणजे कायमचा घरी. हर्षवर्धन त्या दिवशी साइटवर होता म्हणे. असणारच!

इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, जमा करताना सिराजुद्दीननं चित्रं मागितली. कारकुनानं फाइल नुसती दाखवली, "पुरावा आहे, मिळणार नाही." भोकं पाडून अडकवलेली चित्रं. त्यांवर ऑडिटरचे लाल गोल. उलथण्याच्या दांड्यातली बुरशी, रवीच्या दात्यांत सुकलेलं दही, लाटण्याच्या टोकाला राहिलेली कणीक. एक जागा सुटली नव्हती.

"हे गोल मारणाऱ्या माणसाचं नाव काय?"

"का? भांडायला जातोस?"

"नाही," सिराजुद्दीन म्हणाला. "बघता येतं त्याला."