पिराजीअण्णांचे दोन निळे कण

बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या एका शेडमध्ये पिराजीअण्णा तीस वर्षं दगड घासतायत. दगडाचा काप काचेवर चिकटवायचा आणि केसाहून पातळ होईपर्यंत घासायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली तो आरपार दिसतो. निपाणीचा हा गृहस्थ घरी चपला घालून खुशाल स्वयंपाकघरात शिरतो, पण शेडमध्ये त्याचं सोवळं कडक. घासायच्या जाड भुकटीचा फडका बारीक भुकटीला शिवला, तर अण्णा दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

म्हणून तर नागनाथ सरांचा शेरा एवढा झोंबला.

झालं असं, की संशोधनासाठी पुण्याहून आलेल्या मुग्धाने हिमालयाच्या पायथ्याचा वालुकाश्म आणला होता. डोंगर जवळ असला की त्याच्या खडकांचे कपचे वाळूत घाईघाईने येऊन पडतात, लांबचा प्रवास झाला की बाकी सगळं झिजून गारगोटी तेवढी उरते, हे तिने अण्णांना पहिल्याच दिवशी सांगितलं. अण्णांनी ते त्याच संध्याकाळी भाजीवाल्याला सांगितलं. तिच्या कापात कपचे भरपूर निघाले आणि त्यांत चक्क निळे कण! समुद्राचा तळ जमिनीखाली खोल दाबला गेला तरच असे कण तयार होतात. म्हणजे त्या डोंगरात एक अख्खा समुद्र चिणलेला. मुग्धा खुर्चीवरून उठलीच.

प्रयोगशाळेचे प्रमुख नागनाथ सर डोकावले आणि म्हणाले, ही घासायची भुकटी आहे, दगडाच्या भोकांत अडकलेली. तीही अशीच निळसर दिसते.

अण्णांना आठवलं, की मुग्धाच्या "स्वल्प लवकर, अण्णा" पायी, भुकटी आत शिरू नये म्हणून भोकांत चिकट भरायचं, ते त्या दिवशी राहिलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

दगडाचा अंगठ्याएवढा तुकडा उरला होता. अण्णांनी भोकं चिकटाने बुजवली, जुन्या भुकटीचा डबा दाराबाहेर ठेवला, वेगळी पांढरी भुकटी आणली आणि फडक्यासाठी लेकीच्या लग्नातलं धोतर फाडलं. दिवसभर ते घासत होते. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

मुग्धाने काच भिंगाखाली सरकवली.

"अक्का, काय दिसतंय?" अण्णांनी तिला विचारलं.

"निळा आहे. फिरवला की जांभळा होतोय. पुन्हा निळा. अण्णा, भुकटी असं नाही करत."

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. "दोन आहेत," ते म्हणाले.

"पहिल्या कापातले निम्मे माझेच असतील, सर," अण्णा म्हणाले. "चिकट भरायचं राहिलं होतं. पण हे दोन हिमालयाचे."

सरांनी त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंगातून समुद्र पाहिला, आणि परतताना भाजीवाल्याला अर्धा किलो भेंडी तोलता तोलता तो अथपासून इतिपर्यंत ऐकावा लागला.