मेलेला प्राणी मी जित्ता केला, अन् इम्राननं स्क्रीनशॉट पाठवला

ग्रुपवाल्यांनो, हसणं झालं असंल तं ऐका.

गेममध्ये दोन महिने खोदून मले एक जीवाश्म सापडला. आज सकाळी गेममधल्या लॅबमध्ये त्यातून लाखो वर्षांपूर्वी मेलेला प्राणी जित्ता केला. नाव ठेवलं सायली.

आपल्या नालायक इम्राननं त्याचा स्क्रीनशॉट थेट अमरावतीले, माह्यासंग कॉलेजात असलेल्या खऱ्या सायलीले पाठवला!

तिचा मले मेसेज आला, "लाखो वर्षांचं मेलेलं उठवतं तू, अन् परीक्षेचा फॉर्म भराले काय झालं होतं तुले? कॉलेज काहून सोडलं?"

इम्रान्या, अकोल्यात दिसला तं तुये दात पाडतो.

पण कॉलेज सोडल्यापासून तिचा हा पहिलाच मेसेज. तुमीच सांगा, याले आधी झोडू का आधी चहा पाजू?