चर्चच्या पायरीवरचे बूट

इटलीतल्या त्या छोट्या गावातल्या जुन्या चर्चच्या दारात मी सवयीने बूट काढले. "अहो, इथे नाही काढत!" बायको कुजबुजली. पण देवाच्या दारात पाय ऐकेनात. आत फरशी बर्फासारखी गार. फुलं बदलणारी एक म्हातारी माझ्या अनवाणी पायांकडे बघतच राहिली आणि बाहेर गेली. मेरीमातेसमोर हात जोडले खरे, पण देवळात असतं तसं अर्धं लक्ष बुटांकडेच!

बाहेर आलो तर पायरीवर बूट नाहीत. "घ्या, इथेही!" बायको हसली. तेवढ्यात म्हातारीने खुणेने बोलावलं. तिने बूट सावलीतून उचलून उन्हात मांडून ठेवले होते. पाय आत घातले आणि गारठलेल्या तळव्यांना ऊब लागली. आजवर पुष्कळ देवळांत प्रसाद घेतला. पायांना मिळालेला हा पहिलाच.