मॅडमलाच येत नाही

धुळ्याला कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. घोकंपट्टी बंद करा, मुलांना प्रश्न विचारू द्या, अशी. चौकात उभी राहून वाटते. अर्धी पत्रकं भज्यांच्या गाडीवर जातात, ते असो. पण त्या पत्रकांत लिहिलेलं खरोखर चालू असताना मी एकदाच पाहिलं, चोपडा तालुक्यातल्या एका गावात, आणि तिथं माझं पत्रक कुणाच्या काही उपयोगाला आलं नाही.

माझी वहिनी त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवीला शिकवते. भावाची नोकरी जळगावला, म्हणून त्या वर्षी पावसाळ्यापासून मी तिच्या सोबतीला राहिले होते. दुपारी शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायचे.

पलीकडच्या वर्गात मुख्याध्यापक. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. नाना प्रश्न सांगायचे, मग उत्तर सांगायचे, मग पोरं ते उत्तर एका सुरात म्हणायची. भिंतीतून ऐकू यायचं. माझी स्वतःची शाळा अशीच होती. "का?" म्हटलं की सर म्हणायचे, "पुस्तकात आहे तेवढं लिही." राग तेव्हापासूनचा आहे. दोन्ही पद्धतींत काही ना काही चांगलं असतं, असं मी म्हणणार नाही. ते सत्काराच्या भाषणात म्हणतात. पाढे पाठ हवेत, कबूल. पण दुसऱ्याचं उत्तर पाठ करणं म्हणजे शिकणं नव्हे.

वहिनीच्या वर्गात एक मुलगी होती, केळीवाल्या शेतकऱ्याची. एके दिवशी डब्यातलं केळं मधोमध मोडून तिनं विचारलं, "मॅडम, हे काळे ठिपके म्हणजे बी का? पेरलं तर उगवेल?"

वहिनी म्हणाली, "मला माहीत नाही. कसं कळेल आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी चहाचे कागदी कप आले, माती आली, टाचणीनं ठिपके काढून पेरले गेले. ती मुलगी म्हणाली, "एका कपात मूग लावू. नाहीतर म्हणतील, मातीच खराब होती." कुणी शिकवलं नव्हतं तिला. मी बाकावर सरळ होऊन बसले.

मूग चार दिवसांत वर आले. ठिपक्यांचं काही नाही. पोरं रोज कपांत डोकावायची, भांडायची. "तू पाणी जास्त घातलं!" "तुझा कप सावलीत होता, म्हणून!" नाना दारातून म्हणायचे, "मॅडम, पोरं माती खेळत बसली तर पुस्तक संपणार कधी?" प्रश्न खरा होता. चाचणी जवळ आली होती आणि वहिनी दोन धडे मागे होती.

आणि मग गावात बोलणं सुरू झालं. पिठाच्या गिरणीवर मी स्वतः ऐकलं. एक अक्का दुसरीला सांगत होती, "मॅडमलेच येत नई वं! ती पोरेस्लेच इचारस!" दुसरी म्हणाली, "मग पगार पोरेस्लेच द्या ना." सगळ्या हसल्या. मी पीठ न घेताच परत आले.

त्या आठवड्यात मुलीचे वडील शाळेत आले. गाव त्यांना भाऊ म्हणे, घरात मुलगीही भाऊच म्हणायची. गळ्यात उपरणं, हाताला केळीच्या चिकाचे डाग. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"नाना, दिवाळीनंतर पोरीचा दाखला काढतो. चोपड्याला इंग्रजी शाळेत घालतो. फाट्यावर पिवळी बस येते."

नानांनी वहिनीकडे पाहिलं. मुलगी खिडकीशी उभी होती. तिनं मुगाचा कप छातीशी धरला होता.

"मॅडम, एवढंच सांगा," ते म्हणाले, "तुम्हाला येतं का नाही येत? पोरगी मला जेवू देत नाही. केळीला बी नसतं म्हटलं तर म्हणे, ठिपके काय आहेत? बी नाही तर पहिलं झाड कुठून आलं? आमचा जन्म केळीत गेला, अन् पोरीसमोर मान खाली. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणता, माहीत नाही!"

माझ्या तोंडाशी आख्खं पत्रक आलं होतं. वहिनी म्हणाली, "ताई, तुम्ही आत बसा." मग त्यांना म्हणाली, "भाऊ, जरा ओट्यावर या."

मी आत बसले नाही. दाराआड उभी राहिले. वहिनीनं त्यांना शांतपणे सगळं सांगितलं. जंगलातल्या केळीत टणक काळ्या बिया असतात, खाववत नाहीत. कुणाला कधी तरी कमी बियांचं, गोड झाड सापडलं, त्याच्याच बुंध्याशी फुटणारी पिल्लं माणसं लावत आली. आपल्या केळ्यातले ठिपके म्हणजे त्या बियांची खूण. ते उगवत नाहीत.

भाऊंनी बोटावरचा चिकाचा डाग नखानं खरवडला. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला येतं."

"पहिल्या दिवशी येत नव्हतं. त्या रात्री वाचलं."

"मग पोरांना सांगत का नाही?"

"कप अजून बघतायत ती. तुमच्या हातात आहे आता. घरी विचारलं तर सांगून टाका हवं तर."

घरी येताना मी वहिनीशी भांडले. "सगळ्यांसमोर सांगायचं होतं! गाव गप्प झालं असतं." ती म्हणाली, "गाव गप्प झालं असतं, अन् वर्गही. ते मान खाली म्हणाले ना, म्हणून फक्त त्यांना सांगितलं."

दोन दिवसांनी मुलगी तक्रार घेऊन आली. "मॅडम, भाऊलेबी माहीत नई. इचारलं तर म्हणे, पाहू. अन् हसत होते."

मला कळायला एक क्षण लागला. वहिनी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी कप उलटे केले. भाऊ काही काम नसताना दाराशी येऊन उभे. मुलीनं माती बोटानं विसकटली, ठिपका शोधला, नखावर घेऊन पाहिला. म्हणाली, "हे बी नाहीये. बी व्हायचं राहून गेलं." नाना शेजारच्या वर्गातून येऊन ऐकत होते. त्यांच्या वर्गाचा सूर तेवढा वेळ थांबला होता. "पुस्तकात नाही हे," ते म्हणाले. चांगल्या अर्थानं की वाईट, मला आजही ठरवता आलेलं नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी पिवळी बस फाट्यावर थांबली, गावातली दोन पोरं चढली, बस गेली. मी शाळेच्या ओट्यावरून पाहत होते. मागून मोटारसायकल आली आणि शाळेपुढे थांबली. मागच्या सीटवरून मुलगी उतरली. भाऊ तिला सुट्टीत सातपुड्याकडे घेऊन गेले होते, एका पाड्यावर कुणी ओळखीचं होतं. दाखल्याचं नाव कुणी काढलं नाही.

मुलीनं रुमालाची गाठ सोडली. आत टणक, काळ्या बिया.

"मॅडम, तुम्हाले माहीत नई ना, पहिली केळ कुठून आली?"

वहिनीनं भाऊंकडे पाहिलं नाही. भाऊंनी उपरणं तोंडावर धरलं.

"नाही गं," ती म्हणाली. "दाखव बरं."