जून भेंडी

रविवारच्या बाजारात ते चौघे, आईबाप आणि दोन मुलं, दर आठवड्याला दिसतात आणि दर आठवड्याला माझा जळफळाट होतो. नवरा पिशव्या धरतो, मुलगा कोथिंबिरीच्या जुड्या हुंगत हिंडतो, धाकटी मुलगी भेंडी निवडते. मी एकटी येते आणि अर्ध्या तासात बाजार उरकते.

आज मी त्या मुलीच्या शेजारीच उभी होते. तिने टोपलीभर भेंडी निवडली होती, लांबलचक आणि जून. भाजीवालीलाही राहवलं नाही. "ताई, ही कवळी घ्या की."

"असू दे मावशी," तिची आई म्हणाली, "तिनं निवडलीय."

आणि एकाही भेंडीचं टोक मोडून न बघता त्या बाईने टोपली तराजूत ओतली.

माझी लेकही यायची पूर्वी. तिने निवडलेल्या प्रत्येक भेंडीचं टोक मी मोडून बघायचे. एकदा तिची अख्खी टोपली मी परत ढिगावर टाकली. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "तूच जा, आई." खरं सांगायचं तर मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

ते चौघे हसत, रेंगाळत उसाच्या रसाकडे वळले. माझ्या पिशवीतली भेंडी मात्र एकूण एक कोवळी होती.