मानकीबाईच्या झाडाचा पार

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. आलापल्लीकडं जायचं निघालं की माझा चेहरा पडतो, तेव्हा नवरा विचारतो, काय झालं? मी म्हणते, बसमध्ये मळमळतं. त्याला ते पटलेलं आहे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि खरं म्हणजे लपवायचाही आता कंटाळा आलाय.

मी सावली गावची. धानाच्या बांधांवर वाढलेली, डी.एड. झालेली, नोकरी न लागलेली. इंग्रजी बरं होतं म्हणून एका संस्थेनं दुभाषी म्हणून घेतलं. त्या संस्थेकडं दर हिवाळ्यात परदेशातून विशीतली मुलंमुली यायची. कागदावर नाव भारदस्त — आंतरराष्ट्रीय ऐक्य इंटर्नशिप. गावात सरळ ‘गोरे पोट्टे’. सहा आठवडे राहायची, गावकऱ्यांबरोबर काहीतरी बांधायची, पोट बिघडवून घ्यायची आणि जाताना रडायची. मी मध्ये बसायचे. याचं त्याला, त्याचं याला, दिवसभर. संध्याकाळी आईचा फोन आला तरी बोलायला जीभ वळायची नाही.

मार्गो फ्रान्सहून आलेली. वीस वर्षांची, उन्हानं नाक सोललेली. तिचं इंग्रजी उसनं, माझंही उसनं, त्यामुळं आमचं बरं जमायचं. तिला निघण्यापूर्वी शिकवलं होतं की कशालाही हात लावण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. हे तिनं वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. मला हसू आलं होतं तेव्हा. काय नाटकं, असंही वाटलं होतं.

आलापल्लीजवळच्या ज्या गावात ही मुलं उतरायची, तिथं त्यांच्या शेजारच्या घरात मानकीबाई राहायची. सत्तरीची, एकटी. मार्गो रोज तिच्या अंगणात जाऊन बसायची. भाषा नाही, काही नाही, पण दोघी खुशाल हसायच्या. मी तिथं गेले की उलट अवघडायच्या. माझ्याशिवाय त्यांचं चाललं होतं — हे मला टोचायचं का? टोचत असावं.

त्या वर्षी शाळेसमोरच्या मोहाच्या झाडाला पार बांधायचं ठरलं. मुलं बसतील, गाव बसेल. जागा आमच्या संस्थेच्या सरांनी निवडली, बैठकीत पुरुषांनी माना डोलावल्या. मलाही आवडलं होतं, कशाला खोटं बोलू? आमच्या सावलीकडं मोठं झाड आणि त्याला पार नाही म्हणजे कसं उघडंबोडकं वाटतं.

पण तिकडं आलापल्लीच्या बाजूला मोहाची झाडं घराघरांत वाटून घेतलेली असतात. सातबारा नाही, कागद नाही, तरी कुठलं झाड कुणाचं ते शेंबडं पोरही सांगतं. हे झाड मानकीबाईचं होतं, तिच्या सासूपासून. उन्हाळा लागताना ती खालचा पाला झाडून जाळायची, जमीन लख्ख करायची, आणि मग रोज पहाटे गळलेली फुलं टोपलीत वेचायची. तिचं वर्षाचं तेलमीठ त्यावर चालायचं. बैठकीच्या दिवशी ती रानात गेली होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मार्गोनं विचारलं. मला हाताला धरून तिच्या अंगणात नेलं आणि म्हणाली, आजीला विचार, चालेल का? नको म्हणाली तर आम्ही दुसरीकडं बांधू. अगदी असंच म्हणाली.

मानकीबाईनं सूप खाली ठेवलं. शांतपणे म्हणाली, “पार बांधला का झाड साऱ्या गावाचं होते. मंग मी मोह कुठी येचू? दुसरीकडं बांधा म्हणा तिले.”

किती सोपं वाक्य होतं! इंग्रजीत सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

मी मार्गोला सांगितलं — आजीला आनंद आहे, तिचा आशीर्वाद आहे.

का? सिमेंट येऊन पडलं होतं. पुन्हा बैठक, सरांचा पारा, त्यांचं ओरडणंही मीच इंग्रजीत करायचं... सकाळपासून बोलून घसा सुकला होता. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला ऐकवते आहे. एकातही दम नाही. मला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं, बस.

मार्गोनं आनंदानं म्हातारीला मिठी मारली. म्हातारीही हसली. तिला वाटलं, पोरीनं ऐकलं.

पण एवढंच असतं तर मी कदाचित झोपू शकले असते. खरं सांगायचं ते पुढंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खणायला सुरुवात झाली. मुळं तुटत होती. मानकीबाई आली, बघत उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “तू सांगतलं होतं ना वो तिले?”

तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. चार टोपल्या माती तेवढी निघाली होती. मी म्हणाले, “सांगतलं, बाई. ते पोरगी आयकतच नाई.”

हे मी बोलले. माझ्या तोंडानं, तिच्या बोलीत, तिच्या डोळ्यांत बघून.

तेवढ्यात मार्गो धावत आली, पहिला दगड आजीनं ठेवावा म्हणून तिचा हात धरला. मानकीबाईनं हात सोडवून घेतला, लुगड्याला पुसला आणि घरी निघून गेली. मार्गोनं मला विचारलं, काय झालं? मी म्हटलं, लाजली.

उरलेले दिवस त्या अंगणाचं दार बंद राहिलं. मार्गो रोज जाऊन ठोठावायची. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. काय चुकलं ते मला विचारायची — मला! मी म्हणायचे, म्हातारं माणूस, लहर असते. जाताना ती बसमध्ये हुंदके देत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

उन्हाळ्यात फुलं पारावर गळली. पार गावाचा, म्हणून फुलंही गावाची झाली. मानकीबाई दूर नाल्यापलीकडं वेचायला जाऊ लागली, गुडघे धरत. पुढं तेही सुटलं. पण तिनं गावाला एक गोष्ट सांगून ठेवली — हे लोक इचारतेत, पर आयकत नाई. झालं. त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला गाव सगळ्याला हो म्हणत आलं. विहिरीजवळ भिंत बांधू? हो. देवाच्या वाटेवर खोली? हो. नाही म्हणून उपयोग काय? आणि ते सगळे होकार इंग्रजीत मीच सांगत आले, अगदी शब्दाला शब्द. संस्थेच्या अहवालात त्या गावाचं नाव सहकार्य करणारं गाव म्हणून असतं. तो अहवालही मीच लिहिते.

गेल्या महिन्यात मार्गोचं पत्र आलं. ती आता तिकडून अशा मुलांना इकडं पाठवण्याचं काम करते. नव्या मुलांना तो पार दाखवायला हिवाळ्यात येणार आहे. विचारलं होतं — आजी आहेत का? त्यांना मी आठवते का?

मी गावात गेले. मानकीबाई खाटेवर होती. डोळ्यांनी आता दिसत नाही. मार्गोचं नाव सांगितलं. ती खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, “आठवते ना. मायं झाड घेऊन गेली, थेच.”

दोघींच्या मध्ये आजही मीच होते. तिसरं कुणी ऐकणारं नव्हतं.

घरी येऊन मी मार्गोला उत्तर लिहिलं — आजी आहेत. तू त्यांना चांगली आठवतेस.