पुढची सीट

धरणगावहून जळगावला मी रोज ज्या काळीपिवळी जीपनं जायचो, तिच्या ड्रायव्हरचं नाव मी कधी विचारलं नाही. विचारावं असं त्याच्यात काही नव्हतंही. गाडी म्हातारी. स्टेअरिंग पाव फेरा फिरवलं की मग कुठे चाकांना जाग यायची. वेग वाढला की ते थडथडायचं, आणि हा गुडघ्यानं ते दाबून धरत तंबाखू मळायचा.

"जॅक लाव, पुढचं चाक हातानं हलवून बघ. सांधा झिजलाय," असं मी कितीदा सांगितलं. पण निदान करायची हौस त्यालाच. सोमवारी टायरमध्ये हवा कमी, बुधवारी बॅलन्सिंग, आणि शनिवारी सरळ निकाल, "गाडीमा काहीच नही भाऊ, रस्ताच वाकडा शे." वर दात काढायचा. असल्या माणसापुढे काय डोकं फोडणार?

एका सकाळी स्टँडवर पाहतो तर हा आपल्या म्हाताऱ्या आईला जळगावच्या एसटीत बसवून देत होता.

"अरे, तुझी गाडी रिकामी उभी आहे ना?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू अडाणी मीच. "मायले ह्या गाडीमा बठाडू? स्टेरिंगना भरोसा नही, भाऊ."

मग जीपचं पुढचं दार उघडून त्यानं फडक्यानं सीट झटकली. "चला, तुम्ही पुढे बठा."

एसटी अजून सुटायची होती. तिच्यात जागाही होती. आणि त्याला रोज अक्कल शिकवणारा मी, मुकाट्यानं पुढे जाऊन बसलो.